डेटाबेसचं कमांड-लाइन टूल पॅकेज करताय? या चुका टाळा

टूल लिहायला लोक महिना घालवतात आणि पॅकेजिंग (टूल सहज इन्स्टॉल करता येईल अशा फाइलमध्ये बांधणं) शुक्रवारी संध्याकाळी उरकतात. मीही तेच केलं होतं.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या बॅकअपचं वेळापत्रक सांभाळणारं माझं एक छोटं टूल. सगळं वेळापत्रक एका एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) फाइलमध्ये. पॅकेज काढल्यावर मागे कचरा राहू नये म्हणून डेबियन लिनक्सच्या पोस्टआरएम स्क्रिप्टमध्ये (पॅकेज काढल्यावर चालणारी स्क्रिप्ट) एक ओळ टाकली: डेटाचं फोल्डर उडव. क्लायंटने शुक्रवारी नवं व्हर्जन चढवलं. सोमवारी फोन आला, तीन रात्री बॅकअपच झालेला नाही. अपग्रेड करतानाही डीपीकेजी (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) जुन्या पॅकेजची पोस्टआरएम चालवतं; फक्त स्क्रिप्टला दिलेला पहिला आर्ग्युमेंट (सोबतचा शब्द) ‘अपग्रेड’ असतो. तो मी तपासलाच नव्हता. वेळापत्रक साफ, आणि एरर एकही नाही.

आता मी फक्त ‘पर्ज’ (पॅकेज सेटिंग्जसकट पूर्ण काढणं) असेल तरच काही काढतो. तेव्हाही क्लायंटचा डेटा मात्र ठेवतो आणि फोल्डरचा पत्ता स्क्रीनवर छापतो. नियमाप्रमाणे पर्जमध्ये सगळं जायला हवं, मान्य. माझा हात धजत नाही. आरपीएमवाल्यांनी (रेड हॅटकडची पॅकेज पद्धत) हसू नये. तुमच्याकडे तशाच पोस्टअन स्क्रिप्टला आकडा मिळतो, पूर्ण काढताना ०, अपग्रेडला १, आणि तो न बघणारेही भरपूर आहेत.

दुसरं दुखणं ग्लिबसीचं, म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर चालतात त्या मूळ लायब्ररीचं. उबुंटू २२.०४ वर बायनरी (चालवायची तयार फाइल) बांधायची (तिथे ग्लिबसी २.३५) आणि रेड हॅट ८ च्या सर्व्हरवर (तिथे २.२८) न्यायची, मग ‘व्हर्जन सापडलं नाही’ म्हणून बोंब. जुन्यावर बांधलेलं नव्यावर सहसा चालतं, उलट धरून चालू नका. एका उतावळ्या पोराने नवी लिबसी (ग्लिबसीचीच फाइल) थेट सर्व्हरवरच कॉपी केली. त्यानंतर तिथे फाइलींची यादी दाखवणारं एलएससुद्धा चालेना. ग्राहकांकडचं सर्वांत जुनं लिनक्स कंटेनरमध्ये (मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त लिनक्समध्ये) घ्या आणि तिथेच बांधा. बिल्डला वेळ जास्त लागला तर लागू दे.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. लिबपीक्यूसारख्या (पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) डिपेंडन्सी, म्हणजे टूलला लागणारी इतर पॅकेजं, हाताने लिहू नका, डीपीकेजी-एसएचलिबडेप्स ते काम करतं. पोस्टइन्स्टमध्ये (इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट) पासवर्ड विचारत बसू नका. अॅन्सिबलने (अनेक मशीनवर एकदम काम करणारं टूल) पन्नास मशीनवर इन्स्टॉल चालू असताना उत्तर कोण देणार? पायथनचं टूल असेल तर डेबियन १२ वर सुडो पिप (अॅडमिन म्हणून पायथन पॅकेज इन्स्टॉल करणं) अडवलं जातं, तेव्हा ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’चा फ्लॅग लावून मोकळे होऊ नका. नावातच लिहिलंय काय होणार ते. पिपएक्स वापरा, ते प्रत्येक टूल वेगळ्या कप्प्यात ठेवतं. आणि रिलीज कँडिडेटला (अंतिम रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) २.०-आरसी१ म्हणू नका, डीपीकेजीच्या हिशेबात ते २.० पेक्षा नवं ठरतं. २.०~आरसी१ लिहा, नाहीतर आरसी लावलेल्यांना खरं २.० मिळणारच नाही.