उडता वेडा राघू फोटोत कसा आला

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या बागेत वेडा राघू (किडे खाणारा छोटा हिरवा पक्षी) बसलेला छान टिपता यायचा. उडाला की फोटोत नुसती हिरवी रेघ. शटर १/३२०० सेकंदावर नेलं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ऑटोवर सोडला. पंख स्पष्ट आले, पण फोकस मागच्या झाडीवर जायचा.

तोडगा त्याच्या सवयीत मिळाला. तो हवेतच किडा पकडतो आणि बरेचदा त्याच फांदीवर परततो. मग फांदीवर फोकस लॉक केला, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/८ ठेवलं म्हणजे पुढे-मागे थोडा जास्त भाग स्पष्ट येतो, तो येतो त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडली. वळताना दिसला की बर्स्ट (सलग भराभर फोटो) सुरू. उतरताना पसरलेले ते तांबूस पंख, काय देखणे दिसतात!

शिंजिराला (फुलातला मध पिणारा छोटा पक्षी) ही युक्ती चालत नाही. तो फुलापाशी क्षणभर तरंगतो, तेव्हाच गाठावा. सकाळचं ऊन पाठीशी हवंच, नाहीतर आयएसओ फार चढतो आणि फोटो दाणेदार होतो.