बाटलीचं रॉकेट उडवताय? हवा भरण्याआधी या चुका टाळा

दरवर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की माझ्या ओट्यावर पोरांची रांग लागते. कोणाच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली, कोणाच्या हातात शेतातून उचललेला पीव्हीसीचा तुकडा. त्यातला एखादा तरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, "सर, हवेच्या दाबावर बाण मारणारी बंदूक करू." त्याला मी सरळ नाही म्हणतो. टोकदार बाण माणसाच्या अंगात घुसतो, त्याची बंदूक शाळेत होत नाही. पण त्या बंदुकीत जे विज्ञान आहे, म्हणजे कोंडलेली हवा, नेम आणि बाणाचा तोल, ते सगळं पाण्याच्या रॉकेटमध्ये मिळतं. दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप. हवा पाण्याला खाली ढकलते, बाटली वर जाते.

वीस वर्षं पोरांसोबत ही रॉकेटं उडवतोय आणि वीस वर्षं त्याच त्या चुका बघतोय. त्यातल्या दोन चुकांनी मला खरा त्रास दिला आहे. आधी त्या सांगतो.

शेतातला पाइप आणि हवा

आपल्या खान्देशात पाइपाला तोटा नाही. जळगाव, रावेर, यावल, चोपडा, कुठेही जा, केळीच्या बागेच्या बांधावर पाइपांचे तुकडे पडलेले असतात, गोठ्यात एंड कॅप आणि एल्बो भरलेली गोणी असते, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा तर घरातच असतो. मग पोराला वाटतं, बाटली कशाला हवी? मोठा पाइप घ्यावा, दोन्ही टोकं बंद करावीत, हवा भरावी, झाली टाकी!

सात-आठ वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात असंच झालं. नववीतल्या एका पोराने अडीच इंची पाइपाचा मीटरभर तुकडा घेतला, एका बाजूला एंड कॅप, दुसऱ्या बाजूला तोंड बारीक करणारा रिड्यूसर आणि बॉल व्हॉल्व्ह. त्यावर कागदाचं रॉकेट बसवायचं आणि व्हॉल्व्ह झटक्यात उघडायचा, असा बेत. वडील शेतकरी, पाइपातलं कळणारे. त्यांनी पाइपावरचा छापा मला दाखवला, "सहा किलोचा पाइप आहे सर." हिशोब बरोबर होता. सहा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब, पंपाच्या काट्यावर साधारण ८५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), आणि पोरगा भरणार होता ७०. मी म्हटलं, आधी पाणी भरून दाब देऊन बघू. पोरगा म्हणाला, "सर, पाइप नवा शे, काही व्हत नही." पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तासाभरासाठी आणलेला होता, त्याला परत न्यायची घाई होती. एप्रिलची दुपार. मी जोर लावून अडवायला हवं होतं. अडवलं नाही.

काटा साठच्या पुढे सरकला तेव्हा आम्ही सगळे निंबाच्या सावलीत होतो. ज्याने नळी जोडली तो पोरगाही पाणी प्यायला रांजणाकडे आला होता, एवढंच आमचं नशीब. आवाज असा झाला की गोठ्यातल्या बैलाने दावं तोडलं. पाइप फुगला नाही, फाटला नाही, त्याच्या काचेसारख्या चिरफळ्या झाल्या. हाताच्या तळव्याएवढा एक तुकडा गोठ्याच्या पत्र्यात आडवा रुतला होता. मी तो पक्कडीने ओढून काढला. कडा इतकी धारदार होती की पक्कड सटकताच माझ्या बोटाला चीर पडली. तो तुकडा आजही माझ्या कपाटात आहे. दरवर्षी पहिल्या दिवशी मी तो पोरांच्या हातात देतो, आणि त्यानंतरच कोणाला पंपाला हात लावू देतो.

असं का होतं, हे त्या दिवशी मी त्या वडिलांना वहीत मांडून दाखवलं. पाइपावर छापलेला आकडा पाण्यासाठी असतो, आणि तोही २७ अंश तापमानासाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उन्हात पडलेला पाइप हात लावू देत नाही. तापलेल्या पीव्हीसीची ताकद छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी झालेली असते. शिवाय बांधावर वर्ष-दोन वर्षं ऊन खाल्लेला पाइप ठिसूळ होतो. पण मोठी गोष्ट वेगळीच आहे. पाणी दाबलं जात नाही. एक लिटर पाण्याला ६० पीएसआय दाब दिला तर त्यात एक ज्यूलसुद्धा ऊर्जा साठत नाही. पाइप फुटला तर पचकन पाणी उडतं आणि दाब लगेच शून्यावर येतो. तेवढ्याच दाबाची एक लिटर हवा मात्र अडीचशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा धरून बसते. म्हणजे ५० किलोची सिमेंटची गोणी गुडघ्याएवढ्या उंचीवरून आदळावी तेवढी. पाइप फुटल्यावर हवा थांबत नाही, पसरत राहते आणि तुकडे घेऊन जाते. आणि प्लास्टिकचा तुकडा शरीरात गेला तर एक्स-रेत धड दिसत नाही, डॉक्टरांनी शोधायचा तरी कसा?

म्हणून पीव्हीसीत हवा भरायची नाही. कितीही किलोचा असो, कितीही नवा असो. रॉकेटचा स्टँड करायला नळी लागतेच, तर अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो आणि तो कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या तोंडात जवळजवळ मापाचा बसतो. वरून एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी घातली की गळतही नाही. जीआय जड आहे, आटे पाडायला फॅब्रिकेशनवाल्याकडे जावं लागतं, शंभर-दोनशे रुपये जास्त जातात. जाऊ द्या. पंपापासून स्टँडपर्यंत फवारणीच्या एचटीपी पंपाचा जाड होज वापरा. ठिबकची लॅटरल, म्हणजे बारीक काळी नळी वापरू नका, ती एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते.

आणि बाटलीचीही आधी पाण्याने परीक्षा घ्या. माझी पद्धत अशी: बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, स्टँडवर अडकवायची आणि ९० पीएसआयपर्यंत दाब देऊन एक मिनिट तसंच ठेवायचं. पाणी असल्यामुळे पंपाच्या थोड्याच दट्ट्यांत काटा चढतो. जी बाटली ९० ला टिकली तीच मी ६० ला उडवतो. ६० च्या वर मी कधीच जात नाही. "शंभर भरलं तर अजून उंच जाईल ना सर?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. जाईल. पण पोरांना शंभरची हौस पहिल्याच दिवशी असते, आणि त्यांचं साठचं रॉकेटसुद्धा अजून सरळ गेलेलं नसतं.

सरळ का जात नाही?

ही दुसरी चूक. ही जिवावर बेतत नाही, पण निम्मी रॉकेटं हिच्यामुळेच वाया जातात. रॉकेट वर जातं, दोन पुरुष उंचीवर कोलांटी खातं आणि भेलकांडत खाली येतं. मग पोरं पंखे मोठे करतात. पुठ्ठ्याचे मोठे पंखे शेपटीला लावले की शेपूट जड होते, आणि रॉकेट पहिल्यापेक्षा लवकर उलटतं. मग अजून मोठे पंखे. मी हे इतक्यांदा पाहिलंय की पोराच्या हातातला पुठ्ठा बघूनच मला पुढचं दिसतं.

ही गोष्ट मी पुस्तकात शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात होतो. तिथे एका म्हाताऱ्या बाबांकडे तीरकामठा होता. एकदा मी त्यांचा बाण हातात घेऊन न्याहाळत होतो, तर त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि आपल्या बोटावर आडवा ठेवला. बाण स्थिर राहिला, पण बोट मधोमध नव्हतं, लोखंडी टोकाकडे सरकलेलं होतं. मग त्यांनी मागच्या पिसांवर हळूच फुंकर मारली. बाण बोटावर फिरला आणि टोक वाऱ्याच्या दिशेने झालं. ते काही बोलले नाहीत. वजन पुढे आणि पिसं मागे, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

रॉकेटचंही तेच आहे. रिकामं रॉकेट दोरीने आडवं टांगा. जिथे ते समतोल राहतं तो गुरुत्वमध्य. वाऱ्याचा जोर जिथे एकवटतो तो दाबमध्य, आणि शेपटीचे पंखे त्याला मागे खेचतात. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, निदान बाटलीच्या एका व्यासाइतका पुढे हवा. दोन लिटरच्या बाटलीत म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर. पोरांना दाबमध्य काढता येत नाही, मग मी फिरवून बघायला लावतो. समतोल बिंदूपाशी दोरी घट्ट बांधायची, चिकटपट्टीने पक्की करायची आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती गोल फिरवायची. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडवा. आडवं किंवा शेपूट पुढे करून फिरलं तर नाकात खेळण्याची क्ले भरा. थोडी थोडी भरा आणि पुन्हा फिरवा. खडा, बोल्ट, खिळा नाकात नको, ते कोणाच्या तरी डोक्यावर पडणार आहे. नाकावर स्पंज किंवा जुन्या टेनिस बॉलची अर्धी वाटी लावा.

आणि हे सगळं पाणी न भरता बघायचं. पाणी तर क्षणार्धात बाहेर पडतं, पुढचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचाच असतो. मागच्या वर्षी एक मुलगी पाणी भरून तोल बघत बसली होती. तीन रॉकेटं फुकट गेल्यावर माझ्याकडे आली. तिला एवढं एकच सांगितलं आणि चौथं रॉकेट बाभळीच्या शेंड्यावरून सरळ वर गेलं. ती इतकी ओरडली की शेजारच्या वर्गाचा तास मोडला.

आता बाकीच्या, थोडक्यात

पाण्याची बाटली घेऊ नका. मिनरल वॉटरच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, ती दाबासाठी नसतेच. कोल्ड्रिंकचीच घ्या, जिच्या बुडाला पाच फुगीर पाकळ्या असतात ती.

पाणी अर्ध्याच्या वर भरू नका. दोन लिटरच्या बाटलीत ६०० मिलिलिटर पुरे. जास्त पाणी म्हणजे नुसतं ओझं, आणि हवेला जागाही उरत नाही.

पंखे चिकटवायला ग्लू गन नको. बाटलीचं प्लास्टिक ७०-७५ अंशांना मऊ पडतं आणि गरम गोंद त्याहून कितीतरी तापलेला असतो. जिथे तो लागतो तिथे बाटली आकसते, आणि पुढे तिथेच फुटते. पीव्हीसीचं सोल्युशन बाटलीला धरतच नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप लावा, वरून साधी चिकटपट्टी गुंडाळा.

बाटली सँडपेपरने घासू नका. प्रत्येक ओरखडा ही उद्याची भेग असते.

रबरी बूच आणि फुटबॉलची पिन, ही जोडी पहिल्या दिवशी मजा पाहायला ठीक आहे. बूच कधी ३० ला सुटतं, कधी ५० ला, कधी पोरगा वाकून बघत असताना सुटतं. केबल टाय (प्लास्टिकच्या बांधपट्ट्या) आणि त्यांना बाहेरून आवळून धरणारी, वर-खाली सरकणारी कॉलर असा सुटका देणारा स्टँड करा. बाटलीच्या मानेखालच्या कड्याला टायची डोकी अडकतात, दोरी ओढली की कॉलर खाली येते आणि बाटली सुटते. दोरी निदान १५ मीटर. हवा भरलेल्या बाटलीजवळ कोणीही जायचं नाही. उडाली नाही तर लांबूनच हवा सोडायची, त्यासाठी पंपाच्या टोकाला एक छोटा कॉक आधीच लावून ठेवा.

दुपारी उडवू नका. मे-जूनमध्ये दुपारनंतर वारं सुटतं आणि बाटलीही तापून नरम झालेली असते. आम्ही सकाळी आठच्या आत सगळं उरकतो, मग ओट्यावर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खातो. कपाशी उभी असलेल्या शेताच्या कडेला उडवू नका. पडलेलं रॉकेट शोधताना पोरं पीक तुडवतात आणि शेतकऱ्याचं ऐकून घेणं माझ्या वाट्याला येतं.

बाटली म्हातारी होते हे कोणालाच पटत नाही. प्रत्येक वेळी दाब दिला की प्लास्टिक थोडं ताणलं जातं. मी बाटलीवर पर्मनंट मार्करने दर उड्डाणाला एक काडी मारतो. घडी पडून पांढरी रेघ उमटली किंवा बूड वाकडं झालं तर ती बाटली त्याच क्षणी बाद. नाहीतर बारा काड्या झाल्या की बाद, मग ती कितीही चांगली दिसो. नुसती बाजूला ठेवली तर कोणीतरी पोरगा उचलून पुन्हा हवा भरतोच, म्हणून मी ती तिथेच, सगळ्यांसमोर चाकूने कापतो. बुडाचा भाग भंगारात जातो. तोंडाकडची उतरती वाटी मात्र ठेवतो, ती पुढच्या रॉकेटचं नाक म्हणून बरोबर बसते.