ग्रॅममध्ये दिलेले साहित्य कपाने कसे मोजावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या जुन्या घरांत धान्याची मापे अजूनही सापडतात. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली या हिशोबात वाढलेल्या माणसाला चिपटेभर तांदूळ आणि चिपटेभर पोहे सारख्या वजनाचे नसतात हे वेगळे सांगावे लागत नाही. केक किंवा नानकटाईच्या कृतीतील ग्रॅमचे कप करतानाही हेच ध्यानात ठेवावे. प्रत्येक जिन्नसाचा हिशोब स्वतंत्र करावा लागतो.

आधी आपला कप तपासावा. बाजारातील मापाचे कप काही २४० मिलिलिटरचे तर काही २५० मिलिलिटरचे असतात, आणि चहाचा कप तर कोणत्याच मापाचा नसतो. ५०० मिली असे छापलेली दुधाची पिशवी घेऊन (काही पिशव्यांत अधिक दूध असते, म्हणून आकडा वाचूनच घ्यावी) दोन कप काठोकाठ भरावेत. दूध संपले तर कप २५० चा आहे. चार छोटे चमचे, म्हणजे सुमारे २० मिली उरले, तर तो २४० चा आहे.

२४० मिलीच्या कपात मैदा साधारण १२५ ग्रॅम, रवा १७०, साखर २००, पिठीसाखर १२०, लोणी २२५ आणि पातळ केलेले तूप २२० ग्रॅम मावते. कृतीतील ग्रॅमना या आकड्याने भागले की कप मिळतात, आणि उरलेला अपूर्णांक १६ ने गुणला की १५ मिलीचे मोठे चमचे मिळतात. उदाहरणार्थ, नानकटाईला २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम पिठीसाखर आणि १२५ ग्रॅम तूप हवे असेल, तर मैदा दोन कप, पिठीसाखर एक कप आणि वर जेमतेम पाऊण मोठा चमचा, तर तूप नऊ मोठे चमचे होते.

खरी चूक होते ती मैदा भरताना. डब्यात कप खुपसून मैदा दाबून घेतला, किंवा धान्यासारखे शिगोशीग माप भरले, तर त्याच कपात १५० ग्रॅमहून अधिक मैदा बसतो आणि नानकटाई कोरडी पडून फुटते. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडच्या दमट हवेत, मैद्याच्या गुठळ्या होतात; त्यामुळे तो आधी चाळावा, मग चमच्याने अलगद कपात सोडावा, कप आपटू नये, आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करावा. आपला हात कसा आहे हे वजनकाट्याशिवायही कळते: मैद्याचे ५०० ग्रॅमचे बंद पाकीट आणून सगळे याच पद्धतीने मोजावे. चार कप भरले तर हात बरोबर आहे. साडेतीनच भरले, तर आपल्या कपात सुमारे १४३ ग्रॅम जातात, आणि मैद्यापुरता भागाकार त्याच आकड्याने करावा.

तूप घट्ट असताना मोजल्यास मध्ये पोकळी राहून ते कमी भरते, म्हणून पातळ करून मोजावे आणि फेटण्यापूर्वी पुन्हा थिजू द्यावे. लोण्याच्या १०० ग्रॅमच्या वडीला तर मापच नको. ५० ग्रॅमसाठी तिचे दोन सारखे भाग केले की पुरे.

बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ मात्र ५ मिलीच्या छोट्या चमच्यानेच, सपाट करून घ्यावे, कारण एक-दोन ग्रॅमचा फरक घरगुती काट्यावर नीट दिसत नाही.