माळावरची शिळाकोठी नोंदवताना

गोकाकजवळच्या कोन्नूर परिसरात महापाषाण काळातील, म्हणजे मोठ्या शिळांनी दफनस्थळे बांधण्याच्या काळातील, शिळाकोठ्या (उभ्या शिळांच्या चौकोनी दफनकोठ्या) आहेत. त्या पाहायला जाताना आयर्लंडमधील न्यूग्रेंज हे दफनस्थळ डोळ्यांसमोर ठेवू नये. तेथे सुमारे 5,200 वर्षांपूर्वीच्या प्रचंड ढिगाऱ्याखाली 19 मीटर लांबीची वाट गाभाऱ्यापर्यंत जाते. कर्नाटकातील कोठ्या त्याहून बऱ्याच नंतरच्या, लोहयुगातील आहेत, आणि वाट असलीच तर ती भोकाच्या शिळेपुढे (कोठीच्या तोंडाशी असलेल्या, भोक पाडलेल्या शिळेपुढे) उभ्या केलेल्या दोन-चार फरश्यांपुरतीच असते. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे 1947 साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननात अशी रचना स्पष्ट दिसली.

संक्रांतीनंतर गवत वाळलेले असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. जमीन कोणाची आहे याची चौकशी करून आधी परवानगी घ्यावी. दोन वाक्ये कन्नडमध्ये बोलता आली तर काम सोपे होते. सोबत मापनफीत, होकायंत्र, वही आणि फोटोत ठेवण्यासाठी मापपट्टी असावी.

प्रथम भोकाची शिळा शोधावी, कारण कोठीचे तोंड तिच्यामुळेच कळते. वरचा भाग तुटला असेल, तर शिळेच्या कडेवर अर्धवर्तुळाकार खाच तेवढी उरते, आणि घाईत ती सहज नजरेतून सुटते. भोक क्वचितच अचूक गोल असते, म्हणून आडवे व उभे असे दोन्ही व्यास घ्यावेत. दिशा मोजताना होकायंत्र लोखंडी वस्तूंपासून दूर धरावे. माझी एक पूर्ण दिवसाची नोंद जवळ ठेवलेल्या कोयत्यामुळे वाया गेली.

त्यानंतर कोपरे पाहावेत. पुष्कळ कोठ्यांत प्रत्येक उभ्या शिळेचे एक टोक शेजारच्या शिळेच्या पुढे गेलेले असते, त्यामुळे वरून पाहता स्वस्तिकासारखी आकृती दिसते. या जोडणीमुळे बाहेरच्या मातीचा दाब आला तरी शिळा आत कलंडत नाहीत. छत नाहीसे झाले असले तरी ही मांडणी ओळखता येते, आणि गुरांसाठी उभारलेला अलीकडचा आडोसा वेगळा काढण्याची माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण आहे.

आत रांगत जाऊ नये आणि शिळा हलवू नये. काळ्या-तांबड्या खापराचा तुकडा दिसला, तर त्याचा जागेवरच फोटो घेऊन तो तसाच सोडावा. ताजा खड्डा आढळला, तर तो गुप्तधन शोधणाऱ्यांचा असण्याची शक्यता असते. अशा वेळी तारीख लिहून पुरातत्त्व खात्याला कळवावे.