जामिनाचे पैसे कोर्टातून परत घेताय? या चुका टाळा

सोलापूरच्या कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावून बसलं की माणसं ओळखू येतात. सुटल्याचा पेढा खाऊन आलेला माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो : "निर्दोष सुटलो की ओ साहेब, आता माझे तीस हजार कधी देतेत?"

परवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक यंत्रमाग कामगार असाच आला. पावती मागितल्यावर त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडीवर फाटलेला कागद काढला. रक्कम १५,००० आणि नाव मेहुण्याचं. उरलेले पंधरा हजार वकिलांची फी, स्टॅम्प, झेरॉक्स आणि धावपळीत गेलेले. ते कोर्टात भरलेच नव्हते, तर कोर्ट परत कुठून देणार? 'जामिनाला इतके गेले' असं घरात बोलताना सगळा खर्च एकत्र धरला जातो. परत मिळते ती फक्त पावतीवरची रक्कम, आणि तीही बिनव्याजी.

याच्याही पुढची गैरसमजूत जातमुचलक्याची. '१५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका' असा आदेश असेल तर बहुतेक वेळा एक रुपयाही भरलेला नसतो. तारखेला हजर राहिलो नाही तर इतके देईन, असं ते लिहून दिलेलं असतं. जामीनदाराचंही तसंच. त्याची मूळ कागदपत्रं कोर्टात ठेवली असतील तर ती मागा, रोख मागू नका.

त्या कामगाराची खरी चूक सहा वर्षांपूर्वीची होती. त्याला चार आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन मिळाला होता, तेवढ्या मुदतीत जामीनदार द्यायचा होता. जामीनदार मिळालाही, मावसभाऊच राहिला. त्याच वेळी 'जामीनदार दिला आहे, रोख रक्कम परत मिळावी' असा अर्ज टाकता आला असता. निकालाची वाट बघायची गरजच नव्हती. तो अर्ज कुणी दिला नाही आणि पंधरा हजार सहा वर्षं पडून राहिले. वकिलांनी सांगायला हवं होतं, हे माझं मत. पण पक्षकारानंही विचारायला हवं.

पैसे पावतीवर ज्याचं नाव, त्याला मिळतात. आरोपीसाठी भाऊ, मेहुणा, शेठ कुणीही भरो, अर्जावर सही त्याचीच लागते. तो वारला असेल तर वारसांना कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो. आपल्या सोलापुरात नावांचा घोळ वेगळाच. पावतीवर 'नरसय्या', आधारवर 'नरसिंह' आणि पासबुकात स्पेलिंग तिसरंच. पैसे हल्ली खात्यात जातात, तिथं नाव जुळलं नाही की नाझर विभागातून (कोर्टात भरलेल्या पैशांचा हिशेब ठेवणारा विभाग) कागद परत. अर्जासोबत आधार, पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक लावा आणि नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. मूळ पावती लॅमिनेट करू नका, ती जमा करावी लागते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नाझरच्या खिडकीवर उभं राहूनही काही होत नाही. निकालपत्राचा शेवटचा, आदेशाचा भाग वाचा. तिथं बहुधा 'अपील मुदत संपल्यावर परत द्यावी' असं असतं. शिक्षा झाली तर मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस आणि सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवस मिळतात. (सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.) सुटकेच्या वेळी, अपील झालं तर वरच्या कोर्टात हजर राहीन असं सहा महिन्यांचं नवं बंधपत्र घेतात, ते प्रकरण वेगळं. पण जुनी रोख रक्कमच त्यासाठी चालू ठेवली असेल, तर तेवढं थांबावं लागतं. दंड त्यातून वळता करण्याचा आदेश आहे का, तेही तिथंच कळतं.

तारखा चुकवल्या असतील तर प्रश्न वेगळा. वॉरंट निघून रोख रक्कम जप्त झाली असेल तर परताव्याचा अर्ज चालत नाही. आधी गैरहजेरीचं कारण पुराव्यासह मांडून रक्कम पूर्ण किंवा काही अंशी माफ करण्याची विनंती करावी लागते. दवाखान्याचे कागद चालतात. 'गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) धांदलीत तारीख विसरलो' हे मी एकदा टाइप केलंय, चाललं नाही.

पावती हरवली असेल तरी पैसे बुडत नाहीत. केस नंबर, पैसे भरल्याची तारीख आणि प्रतिज्ञापत्र दिलं की नाझरच्या रजिस्टरवरून नोंद शोधता येते. मात्र पैसे जिथं भरले तिथंच विचारा. बार्शीला भरलेले सोलापुरात शोधून सापडत नाहीत. आणि फार वर्षं कुणी मागितलेच नाहीत तर रक्कम सरकारजमा होते. मग परत काढायला आणखी मंजुऱ्या लागतात.

त्या कामगाराचा अर्ज टाइप करून ठेवलाय. मेहुणा हैदराबादला असतो, रविवारी येतो म्हणालाय. सोमवारी सही झाली की अर्ज कोर्टात जाईल.