गुणायचं की भागायचं? एककांना विचारा

घनतेच्या गणितात गाडी अडते ती इथेच. सूत्राचा त्रिकोण (वर वस्तुमान, खाली घनता आणि आकारमान) घोकण्यापेक्षा आकड्यांसोबत एककंही लिहा. पाऱ्याची घनता 13.6 ग्रॅम प्रति मिली, म्हणजे दर मिलीमागे 13.6 ग्रॅम. 50 मिली पाऱ्याचं वस्तुमान? 50 × 13.6 = 680 ग्रॅम. मिलीला मिली कटलं, ग्रॅम उरले. उलट, 340 ग्रॅम पारा किती जागा घेईल? 340 ÷ 13.6 = 25 मिली. चुकून गुणलंत तर 4624 येईल आणि एकक ‘ग्रॅमवर्ग प्रति मिली’. असलं काही नसतंच, तिथेच चूक पकडली जाते.

उत्तरावर एक नजर टाकाच. घनता 1 पेक्षा जास्त असेल तर ग्रॅमचा आकडा मिलीच्या आकड्याहून मोठा हवा, कमी असेल तर लहान. खाद्यतेलाची 1 लिटरची पिशवी बघा: वजन साधारण 910 ग्रॅम. (दुकानदाराने मापात मारलेलं नाही, तेल पाण्याहून हलकंच.)

घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये दिली असेल, तर आधी 1000 ने भागून ग्रॅम प्रति मिलीमध्ये आणा: 13,600 चे 13.6. घाईत हे हमखास राहतं.