सुपरनोव्हावरून विश्वाचं प्रसरण मोजताना या चुका टाळा

प्रतीत (तेज मोजायचं माप; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) ०.१ चुकलं की अंतर जवळपास ५ टक्क्यांनी चुकतं. हे एक गणित समोर ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन ठेपतं. सेफीड रूपविकारी ताऱ्यांच्या (ठरावीक लयीत तेज बदलणारे तारे; त्या लयीवरून त्यांचं अंतर कळतं) आधारे टाइप १ए सुपरनोव्हांवरून (शिखरावर जवळपास सारखेच तेजस्वी असणारे ताऱ्यांचे स्फोट) हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर, ७३ च्या आसपास येतो. प्लँक उपग्रहाने केलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या (विश्वाच्या आरंभीच्या काळातून उरलेला प्रकाश) मोजणीवरून तो ६७.४ येतो (एकक: दर मेगापार्सेकला सेकंदाला किलोमीटर; १ मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं). ज्या फरकावरून इतकी वर्षं वाद चालू आहे, तो प्रतीच्या हिशोबात फक्त ०.१७ भरतो. खालच्या बऱ्याच चुका याच मापाच्या किंवा याहून मोठ्या आहेत. त्यामुळे ओळखीचं उत्तर आलं म्हणजे पद्धत बरोबर होती, असं समजू नका.

जवळचा आणि ठळक सुपरनोव्हा निवडणं

ऑगस्ट २०११ मध्ये एम १०१ दीर्घिकेत सापडलेला '२०११ एफई' शिखरावर दहाव्या प्रतीपर्यंत पोहोचला होता. प्रकाशवक्र (काळाबरोबर तेज कसं बदललं त्याचा आलेख) सुरेख, धूळ जवळपास नाहीच. मोह होणारच. पण एम १०१ आपल्यापासून सेकंदाला साधारण २४० किमी वेगाने दूर जाते आणि तिचं अंतर सुमारे ६.८ मेगापार्सेक आहे. भागाकार करा: ३५. म्हणजे उत्तर थेट निम्मं!

सुपरनोव्हाचा यात काही दोष नाही. शेजारच्या दीर्घिकांच्या ओढीमुळे प्रत्येक दीर्घिकेला स्वतःची अशी दोन-तीनशे किमीची गती असते, आणि इतक्या जवळ ती प्रसरणाच्या वेगाच्या निम्म्याएवढी होऊन बसते. ताम्रसृती (प्रकाशाची तरंगलांबी किती पटीने ताणली गेली त्याचं माप; तिच्यावरून वेग कळतो) ०.०१ असताना प्रसरणाचा वेग ३००० किमी असतो, म्हणजे ३०० किमीची गतीसुद्धा १० टक्के गोंधळ घालते. म्हणून ताम्रसृतीचा ०.०२३ ते ०.१५ हा पट्टा वापरायचा. २०११ एफईसारखे सुपरनोव्हे निरपेक्ष प्रत (अंतराचा परिणाम काढून टाकलेलं मूळ तेज) ठरवायला सोन्यासारखे आहेत, वेगासाठी नाहीत.

वर्णपटातून मिळते ती सूर्यसापेक्ष ताम्रसृती. सूर्य स्वतः सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या सापेक्ष सेकंदाला ३७० किमीने सरकतो आहे. ही दुरुस्ती राहिली तर आकाशाच्या एका बाजूचे सुपरनोव्हे जवळ आणि दुसऱ्या बाजूचे लांब भासतात.

सरळ रेषा फार लांब ओढणं

शाळेतलं सूत्र, वेग भागिले अंतर, ताम्रसृती ०.०२ ला ठीक चालतं. ०.१ ला मात्र सुपरनोव्हाच्या प्रकाशावरून काढलेलं अंतर त्या सूत्राहून साडेसात टक्क्यांनी जास्त भरतं. खरा स्थिरांक ७३ असेल, तर सरळ रेषेने ६८ येतो. प्लँकच्या आकड्याशी जुळला म्हणून विद्यार्थी खूश, आणि चूक तशीच अहवालात जाते. निदान दुसरं पद तरी घ्या: ताम्रसृती z असेल, तर साध्या सूत्राने आलेल्या अंतराला (१ + ०.७८z) ने गुणा. ०.१५ च्या पुढे हेही पुरत नाही, तिथे पूर्ण संकलन (इंटिग्रेशन) करावं लागतं.

दुसऱ्याचं उत्तर परत मोजणं

पँथिऑन प्लस हा सुपरनोव्हांच्या मोजणीचा खुला संच आहे: १५५० सुपरनोव्हे, १७०१ प्रकाशवक्र. त्यातला अंतर-मापांकाचा (दिसणारी प्रत वजा निरपेक्ष प्रत) तयार स्तंभ उचलून स्थिरांक काढला की ७३ येतोच, कारण त्या स्तंभाचं शून्य सेफीड ताऱ्यांवरून आधीच बसवलेलं असतं. त्याऐवजी दुरुस्त केलेल्या शिखरप्रतीचा स्तंभ घ्या. 'कॅलिब्रेटर' अशी खूण असलेल्या ओळींना सेफीडवरून काढलेलं अंतर दिलेलं असतं. त्यांच्यावरून निरपेक्ष प्रत ठरवा (−१९.२५ च्या जवळ यायला हवी), मग ती वरच्या पट्ट्यातल्या बाकीच्यांना लावा. प्रसरणाचा वेग वाढतोय का, एवढंच पाहायचं असेल तर निरपेक्ष प्रत लागतच नाही, ताम्रसृतीबरोबर प्रत कशी बदलते त्या वक्राचा आकार पुरतो. १९९८ चा शोध याच जोरावर लागला.

प्रत्येक मोजणीत किती चूक असू शकते ते दाखवणारा स्तंभ फक्त आलेख काढण्यापुरता आहे. एकच सुपरनोव्हा दोन-तीन दुर्बिणींतून मोजलेला असतो, त्यामुळे सहविचरणाचा (कोणत्या मोजण्यांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत ते सांगणारा) पूर्ण १७०१ × १७०१ तक्ता न वापरल्यास त्याचं वजन दुप्पट-तिप्पट धरलं जातं.

दीर्घिकेचा उजेड वजा न करणं

स्वतः फोटो काढणारे इथे हमखास फसतात. समजा, निळ्या 'बी' फिल्टरमध्ये शिखराच्या वेळी मोजणीच्या वर्तुळात सुपरनोव्हाच्या १० टक्के इतका दीर्घिकेचा उजेड आला. शिखरप्रत ०.१० ने तेजस्वी दिसली. १५ दिवसांनी सुपरनोव्हा १.१ प्रतीने मंदावतो, पण दीर्घिका आहे तेवढीच राहते. आता तिचा वाटा २७ टक्क्यांवर जातो आणि उतार (१५ दिवसांतली तेजातली घट) १.१ ऐवजी ०.९४ मोजला जातो. सावकाश मावळणारे सुपरनोव्हे मुळातच जास्त तेजस्वी असतात, म्हणून उतारावरून केलेली दुरुस्ती अंतर सुमारे ०.१३ प्रतीने वाढवते. दोन चुका एकमेकींना जवळपास खाऊन टाकतात!

रंग मात्र सोडत नाही. दीर्घिकेचा गाभा पिवळसर-लाल असतो, त्यामुळे 'व्ही' फिल्टरमध्ये तोच वाटा १५ टक्के होतो. रंग (बी आणि व्ही प्रतींतला फरक) ०.०५ ने लाल दिसतो, रंगाच्या दुरुस्तीचा गुणक तीनच्या वर आहे, आणि ही लाली धुळीमुळे आली असं समजून, नसलेली धूळ गृहीत धरून अंतर ७ टक्क्यांनी कमी येतं.

(हे १५ दिवस सुपरनोव्हाच्या घड्याळाचे आहेत. ताम्रसृती ०.०५ असेल तर आपल्या कॅलेंडरवर १५.७५ दिवस मोजा, नाहीतर उतारात आणखी ०.०८ चुकेल.)

म्हणून सुपरनोव्हा मावळल्यावर, साधारण वर्षभराने, त्याच दुर्बिणीतून आणि त्याच फिल्टरने कोऱ्या दीर्घिकेचा फोटो घ्या आणि तो वजा करा. पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाची जुनी चित्रं फुकट मिळतात, पण ती जी, आर, आय, झेड, वाय फिल्टरची आहेत. बी आणि व्हीमधल्या फोटोंतून ती थेट वजा करता येत नाहीत.